नाव आर्टिचोक, नाते करडीशी

सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द दिसले की माणूस घाबरतो आणि मोबाइल उघडतो. तिथे त्याला हमखास भेटणारे एक नाव म्हणजे आर्टिचोक. यकृत साफ करणारी, कोलेस्टेरॉल उतरवणारी, परदेशातली चमत्कारी भाजी अशी तिची ओळख करून दिलेली असते. मग आमच्यासमोर प्रश्न येतो, "डॉक्टर, आर्टिचोकच्या गोळ्या घेऊ का?" विचारणाऱ्याने ती भाजी पाहिलेली नसते, खाल्लेली तर नसतेच. त्याच्याकडे फक्त नाव असते. आज बोलायचे आहे ते या नावाबद्दलच. कारण खाण्यापिण्यात आणि औषधपाण्यात नुसत्या नावावर भिस्त ठेवण्याची सवय महागात पडू शकते.

आधी भाजीची ओळख करून घेऊ. आर्टिचोक ही भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांतली काटेरी वनस्पती. शास्त्रीय नाव सिनारा कार्डुनकुलस. आपल्याकडे कपाशीचे बोंड असते, तसे हिचे मोठे हिरवे बोंड असते; फरक इतकाच की ही फुलाची न उमललेली कळी. कळीभोवती खवल्यांसारखी जाड पाने एकावर एक बसलेली असतात. ती उकडून त्यांचा बुडाचा मऊ भाग दातांनी ओरबाडून खातात आणि शेवटी आतला गाभा खातात. कळी उमलू दिली तर सुंदर जांभळे फूल येते, पण भाजी हातची जाते. हिचीच एक बहीण आहे कार्डून. तिच्या कळीऐवजी पानांचे जाड देठ खातात. पोर्तुगालमध्ये काही ठिकाणी कार्डूनची वाळलेली फुले भिजवून त्या पाण्याने दूध विरजतात आणि चीज करतात.

नावाचा प्रवास तर भाजीपेक्षाही चवदार आहे. अरबीत हिला 'खर्शूफ' म्हणतात. अरबांबरोबर हा शब्द स्पेनमध्ये गेला आणि तिथे 'अल्काचोफा' झाला. इटलीत 'कार्चोफो' झाला. उत्तर इटलीत त्याला आणखी वळण मिळाले, तिथून तो फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पोचला आणि 'आर्टिचोक' बनला. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात आला, तेव्हा इथल्या लोकांनी त्याला आपल्या कानाला रुचेल असे रूप दिले: 'हाथीचक', 'हाथीचोक'. या भाजीचा हत्तीशी काहीही संबंध नाही. गंमत म्हणजे हाच युरोपीय शब्द पुन्हा अरबी मुलखात परतला. सीरिया-लेबनॉनकडे त्याचे 'अर्दी शौकी' झाले. त्याचा अर्थ लावला जातो 'जमिनीचा काटा'. आपल्याच घरून गेलेला शब्द वेश बदलून परत आला आणि घरच्यांनी त्याला ओळखले नाही. आणि 'जेरुसलेम आर्टिचोक' म्हणून जो कंद विकला जातो, तो ना जेरुसलेमचा ना आर्टिचोकचा. ते उत्तर अमेरिकेतल्या एका सूर्यफुलाचे मूळ आहे.

आता आपल्या वावरात येऊ. आर्टिचोक ज्या काटेरी कुळातली आहे, त्याच कुळातली एक वनस्पती वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे. ती म्हणजे करडी, अर्थात करडई. शास्त्रीय नाव कार्थामस टिंक्टोरियस. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांचे जे मोठे घराणे, त्यातल्या काटेरी शाखेत आर्टिचोक आणि करडी शेजारी शेजारी बसतात. करडीचे बोंड हातात घेऊन नीट पाहा. एकावर एक बसलेली काटेरी पाने आणि टोकाला पिवळ्या-केशरी पाकळ्यांचा झुबका. आर्टिचोकची ही लहान चुलतबहीणच. करडीचे मूळही त्याच बाजूचे, पश्चिम आशियातले. पण ती इतक्या जुन्या काळी इकडे आली की संस्कृतात तिला 'कुसुंभ' हे नाव मिळाले आणि तिच्या फुलाच्या रंगावरून कापडाचा कुसुंबी रंग ओळखला जाऊ लागला.

म्हणजे नाव परके असले तरी ही भाजी आपल्याला नवी नाही. करडीचा कोवळा पाला आपण पिढ्यान् पिढ्या खात आलो आहोत. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये पेरणी होते. तीनेक आठवड्यांनी विरळणी करताना जी रोपे उपटली जातात, ती भाजी. तेव्हा काटे धरलेले नसतात. लसणाची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या, आणि उतरवताना लिंबू. चव किंचित उग्र, पण भाकरीबरोबर छान लागते. पुढे झाड मोठे झाले की काटे येतात आणि भाजीचा हंगाम संपतो. मग हेच काटे राखणदार होतात. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने धुऱ्यालगत करडीचे तास घातले की जनावर आत शिरत नाही. कापणी पहाटे करायची, दवाने काटे मऊ असतात तेव्हा. पाऊस गेला तरी तिचे सोटमूळ काळ्या मातीत खोल जाऊन ओल शोधते, म्हणून कोरडवाहू रब्बीला हे पीक सोयीचे.

हे सारे आता मागे पडत चालले आहे. काट्यांमुळे कापणीला मजूर मिळत नाही, मावा पडतो, भाव बेभरवशाचा, आणि आयात पामतेलापुढे देशी तेलबियांचा टिकाव लागत नाही. सोयाबीन काढून हरभरा पेरणे सोपे झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, परभणी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांनीही वाण दिले. तरीही देशातले करडीचे क्षेत्र गेल्या चार दशकांत सतत आटत गेले. पीक गेले की त्याची भाजी जाते आणि भाजीबरोबर ओळखही जाते. ज्या पोराने करडीचे रोप पाहिलेच नाही, त्याच्यासाठी 'करडी' हेही 'आर्टिचोक'सारखेच नुसते नाव उरते.

डॉक्टर म्हणून मला याची चिंता का वाटावी? कारण नाव उरले आणि झाड विसरले की फसवणुकीला आणि धोक्याला मोकळे रान मिळते. करडीच्या आसपासचीच चार उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण केशराचे. गरोदर बाईने केशर-दूध प्यायले की बाळ गोरे होते, हा समज आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहे. बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो, दुधातल्या काडीवर नाही. पण समज आहे म्हणून बाजार आहे. एक किलो केशरासाठी साधारण दीड लाख फुले वेचावी लागतात, म्हणून खरे केशर महागच असते. स्वस्तात मिळणाऱ्या डबीत बऱ्याचदा करडीच्या पाकळ्या असतात. इंग्रजी नावानेही या घोळात भर घातली आहे. करडीला 'सॅफ्लॉवर' म्हणतात, केशराला 'सॅफ्रॉन'. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटावे. ओळख मात्र सोपी आहे. केशराचा धागा टोकाकडे कर्ण्यासारखा रुंद होतो. करडीची पाकळी बारीक नळीसारखी असून तिच्या टोकाला पाच चिरा असतात. केशर कोमट पाण्यात हळूहळू रंग सोडते आणि धागा स्वतः लालच राहतो.

फसवणूक पैशांपुरती असती तर ग्राहक मंचाने पाहिले असते. पण करडीची फुले मोठ्या मात्रेत गर्भाशयाला उत्तेजित करू शकतात, म्हणून गरोदरपणात ती टाळावीत असे सांगितले जाते. त्याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईच्या घरी केशराची डबी असते आणि उपकेंद्रातून फुकट मिळालेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात पडून असतात. रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली ती गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. बाळाचे खरे 'केशर' ते आहे.

दुसरे उदाहरण तेलाचे. करडीचे तेल हृदयाला चांगले, हे वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. करडीच्या नेहमीच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. करडीचेच दुसऱ्या प्रकारचे वाण आहेत, त्यांच्या तेलात ओलिक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते. पहिले तेल सूर्यफुलाच्या तेलाजवळचे, दुसरे ऑलिव्हच्या तेलाजवळचे. बाटलीवर दोघांचेही नाव करडीच. सिडनीमध्ये १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. एका गटाला लोणी-चरबीऐवजी लिनोलिक आम्लाने भरलेले करडीचे तेल आणि त्याचे मार्गरिन दिले. त्याची जुनी आकडेवारी पुन्हा तपासून २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. करडी-तेलाच्या गटात १७.६ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. यावरून करडीचे तेल विष ठरत नाही. तुपा-लोण्याऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरणे हितकारक, असे सांगणारे बरेच अभ्यास आहेत. पण कोणतेही एक तेल म्हणजे हृदयाचे औषध नव्हे, एवढे यातून नक्की कळते. तेले आलटूनपालटून वापरावीत. शेंगदाणा, करडी, जवस, तीळ, सगळ्यांना स्वयंपाकघरात जागा आहे. आणि माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे, यापुढे जाऊ नये. तेलाचे नाव बदलून कमी होणाऱ्या धोक्यापेक्षा तेलाचे माप कमी करून टळणारा धोका मोठा आहे.

इथे आपल्या वर्ध्याची एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा केल्या आणि ती सुधारलेली घाणी देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. घाणीचे तेल जादूचे होते असे मी म्हणणार नाही. पण तिथे एक गोष्ट उघड होती: कोणते बी घाणीत पडते, ते गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहत असे. आज आपण फक्त लेबल पाहतो.

बी ओळखणे का महत्त्वाचे, हे तिसऱ्या उदाहरणात दिसते. पिवळा धोत्रा सगळ्यांनी पाहिला आहे. पडीक जागा, रेल्वेचा कडेला, रब्बीच्या वावराचा धुरा, कुठेही उगवतो. पाने काटेरी, अंगावर पांढऱ्या शिरा, फूल पिवळेधमक. नवख्याला तो करडीच्या कुळातलाच वाटेल. पण तो या घराण्यातला नाही. तो मेक्सिकोकडून आलेला, अफूच्या घराण्यातला. नाव धोत्र्याचे, पण खऱ्या धोत्र्याशीही नाते नाही. त्याचे काळे बारीक बी मोहरीत मिसळले तर चटकन ओळखू येत नाही आणि त्याच्या तेलातले सँग्विनारीन हे द्रव्य रक्तवाहिन्यांना इजा करते. दोन्ही पायांना सूज, धाप, जुलाब, डोळ्यांतला दाब वाढणे, हृदय थकणे अशी लक्षणे दिसतात. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी-तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे तीन हजार आजारी पडली. आपल्याकडे मोहरीचे तेल कमी खाल्ले जाते, पण खाल्लेच जात नाही असे नाही. एकाच घरातल्या, एकाच कढईतले खाणाऱ्या दोन-तीन माणसांच्या पायांवर एकदम सूज आली, तर मूत्रपिंडाच्या तपासणीबरोबर तेलाचीही चौकशी व्हायला हवी. ते तेल फेकू नका, दवाखान्यात घेऊन या. आणि रोप ओळखण्याची खूण लक्षात ठेवा: पिवळ्या धोत्र्याचा देठ मोडला की पिवळा चीक येतो. करडीला तसा पिवळा चीक नाही.

चौथे उदाहरण काविळीचे. आर्टिचोक आणि करडीच्या काटेरी कुळातलीच आणखी एक भूमध्य वनस्पती म्हणजे मिल्क थिसल. तिच्या बियांतून काढलेले सिलिमरिन यकृताच्या गोळ्यांत आणि पातळ औषधांत असते. आपल्या माळावर निळसर काटेरी चेंडूसारखी फुले येणारा उंटकटारा उगवतो, तोही याच कुळातला. पण झाड वेगळे, शास्त्रीय नाव वेगळे. बाजारात मात्र 'उंटकटारा' हे नाव दोघांनाही चिकटवले जाते. म्हणजे पुस्तकात वाचायचे एकाबद्दल आणि पुडीत मिळायचे दुसरे. बरे, खऱ्या सिलिमरिनचा तरी किती उपयोग? हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवरचा एक चांगला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिलिमरिन आणि औषधाचा अंश नसलेली नुसती गोळी यांत फरक दिसला नाही. आर्टिचोकच्या पानांच्या अर्काने कोलेस्टेरॉल थोडेसे उतरल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. पण तो अर्क पित्ताचा प्रवाह वाढवतो, म्हणून पित्ताशयात खडे असलेल्यांनी किंवा पित्तनलिका बंद झालेल्यांनी तो घेऊच नये. आता पाहा, कावीळ ही पित्तनलिकेत खडा अडकल्यानेही होते. तिथे गरज सोनोग्राफीची आणि शस्त्रक्रियेची असते. 'यकृताला चांगले' या नावाखाली महिनाभर अर्क किंवा काढा पीत बसलेला माणूस तो मोलाचा महिना गमावतो.

करडीच्या पाकळ्यांचा चहाही आता 'हार्ट टी' म्हणून विकला जातो. झडप बदललेल्या किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

झाडपाल्यावर माझा राग नाही. माझे म्हणणे एवढेच की पोटात जाणाऱ्या वस्तूची ओळख तिच्या नावाने पुरी होत नाही. फॅटी लिव्हरवर आजही पहिला उपाय वजन सात ते दहा टक्के उतरवणे, रोज चालणे, दारू सोडणे आणि साखर ताब्यात ठेवणे हाच आहे. त्यासाठी भाजी हवी असेल तर ती सुपरमार्केटातल्या डब्यात शोधायची गरज नाही. करडीचा, चवळीचा, अंबाडीचा, शेवग्याचा पाला आहेच. पालेभाजीतले लोह शरीराला कमी मिळते, म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा. भाजीने रक्ताच्या गोळीची जागा भरत नाही, हेही लक्षात असू द्यावे. करडीवर मावा लवकर पडतो, त्यामुळे फवारणी झालेल्या वावरातला पाला तोडू नये. घरामागे दोन तास बिनफवारणीचे पेरले तर चार माणसांचे भागते.

काही कामे मात्र एकेकट्या घराच्या आवाक्याबाहेरची आहेत, ती यंत्रणेने करायला हवीत. तेलाच्या बाटलीवर करडीचे तेल कोणत्या प्रकारचे, हे ठळक मराठीत छापले जावे. झाडपाल्याच्या औषधावर शास्त्रीय नाव आणि वनस्पतीचा कोणता भाग, पान, बी की मूळ, हे लिहिणे टाळता येऊ नये. अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईत आणि सणावारी खव्याबरोबर केशराच्या डब्याही तपासाव्यात. आणि आम्हा डॉक्टरांनी 'काही झाडपाल्याचे घेता का?' एवढे विचारून थांबू नये. 'घेत असाल तर पुढच्या वेळी पुडी घेऊन या, झाड असेल तर फांदी घेऊन या,' असे सांगावे आणि ते केसपेपरवर लिहावे. आशा ताई आणि अंगणवाडी ताईंना याचे महत्त्व लगेच कळेल. त्या आमच्यापेक्षा गावाच्या जवळ आहेत.

१९३५ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हिरव्या पाल्याच्या आहारमूल्यावर लिहिले होते. गरिबाच्या दारात उगवणाऱ्या पाल्याकडे गंभीरपणे पाहणारा तो विचार या जिल्ह्याला नवा नाही. तो पुढे नेण्यासाठी फार खर्च लागत नाही. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांतल्या शाळांनी या रब्बीत आपल्या गावच्या खाण्याच्या आणि न खाण्याच्या वीस वनस्पतींची वही करावी. वाळवलेले पान, गावातले नाव, शास्त्रीय नाव, आणि ती ओळखून देणाऱ्या आजीचे नाव. पहिल्या पानावर करडी असावी आणि तिच्यासमोरच्या पानावर पिवळा धोत्रा.